रानपिंगळ्याची नोंद

रविवारी सकाळी सहा चाळीसला रघुनाथने खकनारपुढची टेकडी पुन्हा चढायला घेतली. गेल्या सप्टेंबरात याच वाटेवर त्याला रानपिंगळा, ते दुर्मिळ छोटं घुबड, दिसला होता. निदान त्याचं म्हणणं तसं. फोटोत मात्र पक्ष्याचं डोकं सागाच्या पानाआड गेलेलं. बऱ्हाणपूरच्या पक्षिमित्रांची यादी सांभाळणाऱ्या तृप्तीने तेव्हाच कळवलं होतं, "काका, साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या जवळजवळ नसतात. डोकं दिसल्याशिवाय नोंद नाही." पेपर मिलमध्ये चौतीस वर्षं कागदावरचे डाग हुडकलेल्या माणसाला ते फार लागलं होतं.

सोबत त्याचा मेव्हणा कडू होता. कपाशीची फवारणी सोडून आलो, हे त्याने तीनदा ऐकवलं.

"दाजी, पिंगळा तर आमच्या गोठ्यावर रोज बसतो. फुकटात."

"तो वेगळा."

"डोळे तेच, रुबाब तोच. आधार कार्ड वेगळं आहे का?"

वाट मात्र गेल्या वर्षीपेक्षा देखणी निघाली. दोन्ही बाजूंना गुलाबी तेरडा गुडघाभर माजलेला, कुर्डूचे तुरे दवाने वाकलेले. एका करवंदीवर कळलावी चढली होती. तिच्या पाकळ्या खाली पिवळ्या, टोकाला लालभडक. कडूही तिथे बघत थांबला. वर सागाला पांढरा मोहोर होता आणि खाली ओढ्याकाठच्या केळीबागांवरून धुकं हळूहळू उठत होतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी तो दिसला. वठलेल्या फांदीवर, भर उन्हात. पोट पांढरंशुभ्र, पाय दणकट, शेपूट डावी-उजवीकडे हलवत. त्याने मान वळवली आणि रघुनाथने डोकं नीट पाहिलं. कोऱ्या तावासारखं. त्याने मोबाइलवर चित्रण सुरू केलं, पण मागे आभाळ उजळ. पडद्यावर नुसती काळी आकृती. तेवढ्यात पक्षी बोलला, आणि रघुनाथला हायसं वाटलं. आवाजावरूनही नोंद होते.

कडूने हात जोडले. "महाराज, आमच्या पोरीचं, पूनमचं लग्न यंदा जमंल का?"

त्याचं वाक्य संपायच्या आतच पक्षी पुन्हा बोलला आणि उडाला.

"कडू!"

"मग? पिंगळा समोर बोलला की कौल मागायचा, आमच्या घरची रीतच आहे. अन् तो हो म्हणाला, पक्का."

"मी वर्षभर थांबलो होतो रे."

"पूनम तीन वर्षं थांबलीय, दाजी."

दुपारी एकला रघुनाथने एकोणीस सेकंदांचं चित्रण तृप्तीला पाठवलं. मधलं कापावं असं मनात आलं होतं, कापलं नाही. तासाभराने तिचं उत्तर आलं: "काका, पहिली हाक त्याचीच वाटते. दुसरीवर कुणीतरी लग्नाचं विचारतंय. पुण्याच्या जाणकारांकडे पाठवलंय."

मंगळवारी संध्याकाळपर्यंत पुण्याहून काही कळलेलं नव्हतं.