फोटोतला मोकळा गळा

हवालदार हंबीररावांनी खाकी पाकिटातून फोटो काढला आणि तांदळाच्या पोत्यावर ठेवला. लक्ष्मीपुरीतल्या त्या धान्याच्या दुकानात दुपारची सामसूम होती. चनबसाप्पांनी हातातला दाभण बाजूला ठेवला, चष्मा धोतराला पुसला आणि वाकून पाहिलं. दाढी वाढलेली, गाल बसलेले, पण राजशेखरच. सात वर्षांपूर्वी फिरायला म्हणून अमेरिकेला गेलेला आणि व्हिसा संपल्यावरही तिथल्या एका पेट्रोल पंपावर राहिलेला त्यांचा एकुलता एक मुलगा.

"तिकडं कोठडीत हाय," हंबीरराव म्हणाले. "जवळ पासपोर्ट न्हाई, काय न्हाई. दिल्लीनं विचारलंय, ह्यो तुमचाच काय? व्हय म्हणालासा तर इकडं धाडून देतील."

चनबसाप्पांना यातलं काही नवीन नव्हतं. राजशेखरला पाठवणारा ट्रॅव्हलवाला आकाराम दोन महिन्यांपूर्वीच, पोरगा तिकडं धरला गेल्यावर, दुकानात येऊन कानाला लागला होता. पोलीस आले की पोरगा आपला नव्हे म्हणा, ज्याला त्याचा देश ओळखत न्हाई त्याला परत पाठवता येत न्हाई, आणि सहा महिन्यांवर आत ठेवायची तिकडं सोय न्हाई, सोडावंच लागतंय. आकारामच्या सांगण्यावरून त्यांनी रेशनकार्डावरचं राजशेखरचं नाव कमी करून घेतलं होतं. शाळेचा दाखला तर सरळ बंबात घातला होता. आपण फार हुशारीनं वागतोय असं तेव्हा त्यांना वाटलं होतं.

फक्त नाही कसं म्हणायचं, हे काही सुचलं नव्हतं. त्यांनी पुन्हा फोटो पाहिला आणि नजर गळ्यावर अडकली. गळा मोकळा होता.

"हा आमचा न्हाई," ते म्हणाले. "आमच्या पोराच्या गळ्यात लिंग असतंय. जन्मल्यावर स्वामींनी बांधलेलं. अंघोळीला उतरवत न्हाई, झोपताना उतरवत न्हाई. ह्याचा गळा बघा की."

हंबीरराव कोल्हापूरचेच. लिंगायताचं लिंग जिवंतपणी गळ्यातून निघत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी मान डोलावली आणि ते कारण जसंच्या तसं जबाबात लिहून घेतलं. चनबसाप्पांनी सही केली. खोटं बोलायला त्यांना फारसं जड गेलं नाही, कारण राग खरा होता. पोरानं तिकडं जाऊन लिंगसुद्धा काढून टाकलं, ही गोष्ट त्यांच्या काळजाला लागली होती.

घरी बायकोनं, बसव्वानं, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,

"खरंच नव्हतं गळ्यात?"

"नव्हतं."

ती देवघराकडं तोंड करून बसून राहिली. त्यानंतर घरात त्या फोटोचं नाव निघालं नाही. सहा महिने भरायची वाट मात्र दोघंही बघत होते, आपापल्या जागी, एकमेकांना न सांगता.

एप्रिलातल्या एका रविवारी मुलगी सुष्मिता माहेरी आली. इंटरनेट कॅफेतून छापून आणलेला कागद तिनं वडिलांपुढं धरला.

"अप्पा, तिकडं नव्या कायद्याचा मसुदा आलाय. ज्याला त्याचा देश घेत न्हाई, त्याला सहा महिन्यांनी सोडायचं बंद. ठेवायचं तसंच आत, कितीबी वर्षं."

"पास झाला?"

"अजून न्हाई. पण झाला तर आधी धरलेल्यांनाबी लागू करणार म्हणे."

चनबसाप्पांनी कागद हातात घेतला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, तरी ते तो बराच वेळ बघत होते. मग आकारामला फोन लावला. आकाराम म्हणाला, मसुद्याचं आपल्याला काय माहीत नव्हतं बुवा, आणि त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडताच ते पोलीस ठाण्यात गेले.

"जबाब बदलायचाय," ते म्हणाले. "पोरगा माझाच हाय."

हंबीरराव चकित झाले नाहीत. नोकरीत त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी कपाटातून फाईल काढली.

"अहवाल कवाच गेला, अण्णा. मुंबईस्नं दिल्लीला, दिल्लीस्नं तिकडं. ओळख पटली न्हाई, असा शेरा पडलाय. आता वरनं परत विचारणा आल्याबिगर काय हलत न्हाई. आणि तुम्ही कारण तरी किती पक्कं दिलंसा."

"माझा पत्ता त्यांना लागलाच कसा पण?" चनबसाप्पा चिडून म्हणाले. "कुणी दिला?"

"त्यानंच दिलाय की. लागायचं काय त्यात?" हंबीररावांनी फाईल त्यांच्याकडं वळवली. "हा बघा त्याचा अर्ज. मला घरी धाडा, म्हणून मागं लागलाय. नुसता फोटो घेऊन आलतो मी तवा, ह्यो फायलीतच राहिला. इंग्रजी कागद, कोण वाचतंय."

वर टाइप केलेलं इंग्रजी होतं. खाली, सहीच्याही खाली, बॉलपेननं दोन-तीन ओळी मराठीत होत्या. चनबसाप्पांनी बोट ठेवून त्या वाचल्या.

"अप्पा, फोटोत गळा मोकळा दिसेल. रागावू नका. इथं आत घेताना काढून घेतात. माझ्या नावाच्या पिशवीत ठेवलंय, पावती माझ्याजवळ हाय. अव्वाला सांगू नका, पण बिनपूजेचं जेवावं लागतंय."

त्यांचा हात नकळत स्वतःच्या गळ्याशी गेला. सदऱ्याखालची, लिंग ठेवलेली चांदीची डबी त्यांनी मुठीत धरली आणि तशीच धरून ठेवली. समोर हंबीररावांनी कोरा कागद घेतला होता.

"सांगा, लिहितो. शाळेचा दाखला हाय?"

"बंबात घातला."

"रेशनकार्ड?"

"नाव कमी केलं."

"मग पुरावा काय लिहू?"

चनबसाप्पांनी अर्जातल्या त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं.

"रागावू नका, असं लिहिलंय त्यानं," ते म्हणाले. "गळा बघून मी रागावणार, हे दुसऱ्या कुणाला कळणार हाय?"

हंबीररावांनी ती ओळ वाचली. मग पेनाला टोपण लावलं.

"ह्याला पुरावा म्हणत न्हाईत, अण्णा," ते म्हणाले, आणि त्यांनी दारातल्या शिपायाला दोन चहा सांगितले.