पातळ केसांच्या घरचा कंगवा

मी गिरणाकाठच्या वाळूत पडलेला एक कंगवा बोलतोय. माझे दोन दात तुटलेत, उरलेले झिजलेत. आवाजही आता फार लांब जात नाही, म्हणून जरा जवळ बसा.

मी म्हशीच्या शिंगाचा. कुणाच्या गोठ्यातली म्हैस ते मला ठाऊक नाही, आणि आई कोण असं कंगव्याला कुणी विचारतही नाही. एका म्हाताऱ्या कारागिराने शिंग तापवून सपाट केलं, करवतीने दात पाडले, तेल चोळून मला चकचकीत केलं. मग जळगावच्या बाजारात रस्त्याकडेला चादरीवर आरसे, सुया, कानकोरण्यांच्या शेजारी मला मांडलं. सत्त्याऐंशी साल होतं ते.

मला उचललं शालिग्रामने. सव्वीस वर्षांचा, कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून, शनिवारी सुटी झाली की भडगावकडच्या आपल्या गावी जाणारा. प्लॅस्टिकचा कंगवा फिरवला की थंडीत याचे केस ताडकन उभे राहायचे, म्हणून तो शिंगाचा शोधत होता. पहिल्यांदा त्याच्या डोक्यातून फिरलो आणि मला वाटलं, चुकून मक्याच्या कणसात शिरलो की काय! कणसाच्या टोकाला जे रेशमी धागे असतात ना, तसे केस. संख्येने भरपूर, पण एकेक धागा इतका बारीक की माझ्या दातांना काही लागायचंच नाही.

एवढ्यावर तो समाधानी राहिला असता तर मीही सुखाने जगलो असतो. पण त्याला केस दाट हवे होते. त्याच्या खोलीतल्या फळीवर बाटल्यांचं बिऱ्हाड बसलं. लाल तेल, हिरवं तेल, आवळ्याचं, माक्याचं. भांग बसवायला पांढरी क्रीम. शॅम्पूच्या पुड्या. कुणी सांगितलं कांद्याचा रस, लावला कांद्याचा रस. कुणी सांगितलं अंडं, तर त्या दिवशी खोलीमालकिणीने त्याला पाणी भरू दिलं नाही. आणि प्रत्येक नव्या औषधाचा चिखल शेवटी काढायचा कुणी? मी.

गावी गेला की आई, वच्छलाबाई, वाटीभर खोबरेल घेऊन बसायची. "डोकाले तेल नही, म्हनीसन केस वाढत नहीत," असं म्हणत ती अख्खी वाटी जिरवायची. तेल असं थापलं की बारीक केस एकमेकांना चिकटायचे, मधून डोक्याची कातडी चमकायची. मग तो आरशात पाहायचा आणि आणखी तेल घालायचा.

वडील हिलालआबा ओट्यावरून बघत असायचे. पांढरी टोपी, करकरीत इस्त्रीची. झोपताना उशाशी काढली तरी अंधारातच काढत असावेत, कारण मी त्यांना उघड्या डोक्याने कधी पाहिलं नव्हतं. "घडी घडी आरसामां काय देखस?" ते ओरडायचे. "केस देखीसन कपाशी पिकत नही!"

आबांचं काय जात होतं बोलायला? पोराला एक स्थळ नाकारून गेलं होतं. पारोळ्याच्या त्या लोकांनी चहा घेतला, शेव-चिवडा खाल्ला, आणि बाहेर जाताना बाई हळू म्हणाली, "मुलाला टक्कल पडायला लागलंय." हळू म्हणाली, पण शालिग्रामने ऐकलं. त्या संध्याकाळी त्याने मला इतकं जोरात फिरवलं की माझा पहिला दात तेव्हाच गेला. मला राग आला नाही, त्याचीच कीव आली.

मार्ग दाखवला मगनने. मगन गावचा न्हावी. एकदा शालिग्रामचं तेलकट डोकं धरून तो वैतागला.

"शालिग्रामभाऊ, तुमना केस कमी नहीत, बारीक शेतस. बारीक केसवर तेल थापं का ते वल्ली कोंबडीना मायक चिपकतस. त्या बाटल्या बठ्ठ्या फेकी द्या. केस धाकला ठेवा. तेल लावनं व्हई तं न्हावाना पहिले, दोन थेंब. क्रीम तं लावूच नका."

चार वर्षांच्या सगळ्या बाटल्या एका वाक्यात निकाली! शालिग्रामने केस आखूड कापले, शिकेकाईने धुतले, अर्धवट ओले असताना मला उलटं फिरवून मग भांग पाडला. काय सांगू, तेच केस, पण डोकं भरलेलं दिसलं. मी मनात म्हटलं, हे आधी का नाही सुचलं रे बाबा.

तसाच नटून तो शिंदखेड्याला प्रमिलाला बघायला गेला. मी वरच्या खिशात होतो. घराच्या अलीकडे एसटी स्टँडवर त्याने मला तीनदा काढलं. मुलीचे वडील अभिमननाना कमी बोलणारे. पण सुपारी फुटली, वैशाखाची तारीख धरली. शालिग्राम खूश होता आणि घाबरलेलाही. आपण दाखवलं ते डोकं खरं नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी तो मला इतका जपून फिरवायचा की जणू एक केस गळला तर सोयरीक तुटेल.

आणि माघात आबा गेले. शेतातून आले, छातीत दुखतंय म्हणाले, पाणी मागितलं आणि संपलं.

अंगणात त्यांना आंघोळ घातली. नवं धोतर नेसवलं. टोपी बाजूला पाटावर होती. वच्छलाबाई पदराने तोंड दाबून बसली होती, तिने मान वर केली आणि म्हणाली, "आबासना भांग पाड रे."

शालिग्रामने खिशातून मला काढलं. तीस वर्षांत पहिल्यांदा तो वडिलांच्या डोक्यावर हात ठेवत होता. मी फिरलो आणि थबकलो. तेच! तेच कणसाचे धागे, फक्त पांढरे. तोच मऊपणा, दातांना काही न लागणारा. शालिग्रामने मला पुन्हा त्याच जागेवरून फिरवलं.

"आबासना केसबी पहिलापाईन असाच व्हतात," वच्छलाबाई म्हणाली. "टोपीखाले कोन देखस?"

प्रेताला लागलेली वस्तू घरात ठेवत नाहीत. तिरडीबरोबर मीही नदीवर आलो आणि इथे वाळूत टाकला गेलो. शालिग्राम टाकताना जरा थांबला होता, एवढं मी पाहिलं. माझ्या दातांत आबांचे दोन पांढरे केस अडकले होते.

दहाव्या दिवशी सगळे परत इथेच आले. मगनने वस्तऱ्याची पेटी उघडली. शालिग्राम पाटावर बसला आणि मी त्याचा चेहरा पाहिला. आज काढलेले केस परत येतील का, याची त्याला धास्ती होती. त्यातून समोर अभिमननाना उभे, शिंदखेड्याहून पहाटेच्या गाडीने आलेले. आता उघडं डोकं त्यांच्यापुढे येणार होतं.

काका चुडामण पुढे झाले. "मगन, पोऱ्यानं लगीन वैशाखमां शे. चार केस काढी दे फक्त. आते बठ्ठा नोकरीवाला असाच करतस."

मगनने हात थांबवला. सगळे शालिग्रामकडे बघायला लागले. त्याने नदीकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं नाही.

"नही काका," तो म्हणाला. "मगनभाऊ, बठ्ठा काढा."

वस्तरा चालला. ज्या केसांसाठी मी चार वर्षं राबलो, कांदा सोसला, अंडं सोसलं, ते पाच मिनिटांत वाळूवर आले. वाऱ्याने काही माझ्यापर्यंत आणले. मगनने टॉवेलने डोकं पुसलं आणि हलकेच म्हणाला, "आते तुम्ही हुबेहूब आबा दिसतस." तेव्हा शालिग्राम रडला. माझ्यासमोर पहिल्यांदा, मोठ्याने.

मग अभिमननाना जवळ आले. पिशवीतून नवी पांढरी टोपी काढली. दुखवट्याची टोपी सोयरे आणतात. सोयरीक मोडायची असती तर ती शिंदखेड्याहून निघालीच नसती. त्यांनी त्या गुळगुळीत डोक्याकडे नीट पाहिलं आणि दोन्ही हातांनी टोपी घातली.

"ऊन शे," ते म्हणाले. "डोकं उघडं ठेवू नका, शालिग्रामराव."

सगळे गेले. पुढे केस आले का, लग्नात भांग कसा पडला, मला माहीत नाही. बातम्या वाळूपर्यंत येत नाहीत, आणि खरं सांगू, आता विचारायचाही कंटाळा आलाय.

एकच मागणं आहे. कधी या काठाने गेलात आणि मी दिसलो, तर उचलून धुऊ नका. माझ्या दातांत दोन पांढरे केस आहेत, आणि त्यांच्यात गुंतलेले तीन काळे. जाडी सगळ्यांची सारखीच आहे. ते तसेच राहू द्या.