लाजरीचा मालक कोण?

मित्रांनो, मी एक जुनी घोडी आहे. माझं नाव लाजरी. नाव ठेवणाऱ्याचा अंदाज साफ चुकला, कारण लाजणं मला कधी जमलंच नाही.

शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याला सोपानराव आणि शेवंताबाई या नवरा-बायकोच्या गोठ्यात मी जन्मले. सोपानरावांचा ऊस होता, कांदा होता, पण जीव होता तो घोड्यांवर. त्यांनीच मला रेवाल चाल शिकवली. रेवाल म्हणजे अशी एकसारखी चाल, की स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हिंदकळू नये. जत्रेत मी चालायला लागले की माणसं खाणं विसरून बघत राहायची. तेव्हा मला वाटायचं, जत्रा देवाची नसून माझीच आहे.

सोपानरावांनी माझा पासपोर्ट काढला, तो मात्र बायकोच्या नावानं. हो, घोड्यांनाही पासपोर्ट असतो, आणि मानेत कातडीखाली तांदळाएवढी चिप असते. "जमीन माझी, घोडी तुझी," असं म्हणून ते शेवंताबाईंना चिडवायचे.

मग सोपानराव वारले. शेवंताबाईंनी मला अंतर दिलं असं मी कधीच म्हणणार नाही. चारा वेळेवर, पाणी वेळेवर, सणाला पुरणपोळीसुद्धा. पण माझ्या पाठीवर दुसऱ्या कोणी बसलेलं त्यांना बघवेना. मी गोठ्यातच राहिले. दावं जेवढं लांब, तेवढंच माझं जग. पोट भरलेलं असतानाही जीव गुदमरतो, हे मला तिथे कळलं.

पाबळच्या सुवर्णानं मला त्यातून बाहेर काढलं. ती मुलांना घोड्यावर बसायला शिकवते. मला विकत द्यायला शेवंताबाई तयार नव्हत्या, म्हणून करार झाला. घोडी शेवंताबाईंची, सांभाळणार आणि चालवणार सुवर्णा. त्या करारात सुवर्णाला 'भाडेकरू' म्हटलं होतं. मी घोडी आहे की दोन खोल्या, असा मला प्रश्न पडला. पण पाबळचा माळ मोकळा होता. माझे पाय पुन्हा पाय झाले, मी हुंदडले, आणि त्या शब्दाचा राग विसरून गेले.

यंदा दौंड तालुक्यात, पाटसजवळच्या एका मैदानावर घोड्यांची स्पर्धा होती. सुवर्णानं माझं नाव नोंदवायला फोन केला. समितीचा ईश्वर नावाचा तरुण अर्ज भरून घेत होता. त्यानं विचारलं, "मालकांचं नाव?"

मित्रांनो, आमच्याकडे बायका नवऱ्याला 'मालक' म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. सुवर्णा जरा लाजून म्हणाली, "विनोद."

झालं. विनोदला घोड्याजवळ जायची भीती वाटते. मी फुरफुरले तरी तो दोन पावलं मागे सरतो. तो कागदोपत्री माझा मालक झाला.

स्पर्धेच्या दिवशी फाटकावर जनावरांच्या डॉक्टरांनी माझ्या मानेवर चिप वाचायचं यंत्र फिरवलं. ईश्वरनं पासपोर्ट बघितला, अर्ज बघितला, करार बघितला आणि कपाळाला हात लावला.

"ताई, पासपोर्ट एका बाईचा, अर्ज एका बुवाचा, आन् घोडी घेऊन आल्या तिसऱ्याच. म्हंजी घोडी नक्की कुणाची?"

सुवर्णा सांगायला लागली, पण घाबरल्यामुळे तिचं सांगणं आणखी गुंतलं. शेवटी ईश्वर म्हणाला, "चोरीची जनावरं बी येत्यात, ताई. ज्यांच्या नावाची चिप हाय त्यांना बोलवा. तवर घोडी गाडीतनं उतरणार न्हाई, आन् गाडी फाटकाबाहेर जाणार न्हाई."

त्यानंच शेवंताबाईंना फोन लावला. "मावशी, तुमची घोडी हितं विनोद म्हणून कुणाच्या नावावर लागलीया."

'नावावर' हा शब्द आमच्या भागात जपून वापरावा. त्यानं सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. पलीकडून शेवंताबाई एवढंच म्हणाल्या, "मी येती. घोडी आजच माघारी न्यायची."

ते मी गाडीतून ऐकलं. माघारी म्हणजे तोच गोठा.

मी पिकअपमध्ये उभी होते. दोन्ही बाजूंना फळ्या, वर ताडपत्री, तोंडाला आखूड दोरी. वळता येईना, बसता येईना. बाहेर हलगी वाजू लागली आणि माझे खूर आपोआप ठेका धरू लागले, पण पुढे टाकायला जागाच नव्हती. कर्ण्यावर रेवालची नावं पुकारली जात होती. माझं नाव त्यांनी दोनदा पुकारलं. मी ओरडून ओ दिली. कोणी आलं नाही. सुवर्णा गाडीच्या चाकाला टेकून रडत होती, आणि मला तिच्यापर्यंत मानही नेता येत नव्हती.

पुतण्याच्या जीपमधून शेवंताबाई आल्या, तेव्हा रेवाल संपली होती. त्या सुवर्णाला ओलांडून सरळ ईश्वरच्या टेबलाकडे गेल्या. ईश्वरनं त्यांना खुर्ची दिली आणि कोरा अर्ज पुढे ओढला.

"मावशी, मालक कोण?"

"मालक गेलं," शेवंताबाई म्हणाल्या. "लई दिस झालं."

ईश्वरनं पेन खाली ठेवलं. "मालकच वारलं म्हटल्यावर करार कसा चालंल?"

"आरं, मालक म्हंजी आमचं हे. घोडी माझी हाय." बोलता बोलता त्या थांबल्या आणि सुवर्णाकडे वळल्या. "पोरी, तुलाबी ह्यानं असंच इचारलं व्हतं?"

"व्हय, मावशी. म्या आमच्या ह्यांचं नाव सांगितलं."

शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला. आधी त्या हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले. ईश्वरही ओशाळून हसला. "माझी आई बी हेच सांगल," तो म्हणाला आणि नवा अर्ज लिहायला बसला. पण संपलेली स्पर्धा काही त्याला परत लावता येणार नव्हती.

मला खाली उतरवलं. पाय बधिर झाले होते. सुवर्णानं मान खाली घालून दोरी पुढे केली. "न्या, मावशी. तुमची हाय."

शेवंताबाईंनी दोरी हातात घेतली. माझ्या कपाळावरून हात फिरवला.

"बस वर," त्या सुवर्णाला म्हणाल्या. "मालक गेल्यापास्नं हिची चाल म्या बघितली न्हाई."

मैदानात बक्षिसं वाटली जात होती. इकडे गाड्या लावायच्या जागेत, एकट्या शेवंताबाईंसमोर, मी रेवाल चालले. त्या उन्हात उभ्या राहून बघत होत्या. मग दोरी परत सुवर्णाच्याच हातात देऊन त्या जीपमध्ये जाऊन बसल्या.

मित्रांनो, माझ्या वयाच्या घोडीला पुढची स्पर्धा मिळेलच असं नाही. म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. दुसऱ्याचं जनावर घेऊन कुठे जाल, तेव्हा आदल्या दिवशी ज्याचं जनावर त्याला सगळे कागद मोठ्यानं वाचून दाखवा. चूक तुमची असते आणि तुम्ही ती खोडून पुन्हा लिहू शकता. तुमचं लिहून होईपर्यंत बांधलेले असतो ते आम्ही.