आवाजाची पंगत

बोरी अरबातल्या त्या टिनाच्या घरात मोबाईलची रेंज दारापर्यंत यायची आणि परक्या माणसासारखी बाहेरच थांबायची. म्हणून पंजाबरावांनी वायफाय घेतलं. त्याचा डबा दारावरच्या खिळ्याला टांगला. फोन मात्र समोरच्या भिंतीशी, बोर्डाला चिकटलेला; चार्जरची वायर काढली की बंद पडायचा. मधात सारं घर, आणि रविवारी घरात सारी गल्ली.

त्यांची पोरगी दीपा सुरतच्या दवाखान्यात नर्स. रविवारी तिचा फोन यायचा तो स्पीकरवरच घ्यावा लागे, कारण गल्लीतली पोरगी एकट्या आईची नसते. "आई... मी ब... री..." असे तुकडे यायचे. बाकीचे हसायचे. तिची आई नलू मात्र फोनजवळ सरकायची. नेट तुटतं की पोरगी रडते, हेच तिला उमगेना.

शेवटी तिनं वायफायवाल्या विक्कीला गाठलं. त्यानं डब्यात काहीबाही बदललं आणि म्हणाला, "काकू, आता आवाजाले पहिला मान. गल्लीतले रील त्याच्या मांगून. पण डबा अन् फोनच्या मधात माणसं नको. माणसात पाणी असते, ते सिग्नल पिते."

"मी काय रांजण हाये का रे?" शेजारची चंदाबाई भडकली.

"सिग्नलले नाई समजत काकू, तुमी कोण ते."

गर्दीला घालवायचं कसं? पंजाबरावांना लग्नाच्या पंगती उठवायची-बसवायची सवय. त्यांनी दोन्ही भिंतींना सतरंज्या टाकल्या, माणसं समोरासमोर बसवली आणि मधली वाट मोकळी ठेवली. "आवाज इथून जाईन. पाय आत घ्या! ओ हंसाबाई, मांडी घाला नीट!"

"वाढता काय?" सवयीनं कोणीतरी विचारलं.

"वाढाचं काई नाई. ऐकाचं हाये."

फोन वाजला. चंदाबाई तंबाखू थुंकायला उठली, तर पंगतीनं लुगडं धरून खाली ओढली. सगळ्यांनी श्वास धरला, जणू श्वासही पाण्याचाच.

"आई," दीपा म्हणाली. लख्ख. शेजारी बसल्यासारखी. "जेवली का तू?"

"काय आवाज!" पंजाबराव खूश. "विक्कीनं तर कमाल केली!"

"मी बरी आहे, आई. मी..." आणि आवाज तुटला. मागं सुरतचा पंखा घरघरत होता, तो मात्र सलग ऐकू येत होता. पंखा तुटत नव्हता. मग नाक ओढल्याचा आवाज आला, बारीक.

नलूनं झटकन स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. सारी पंगत तिच्या तोंडाकडे पाहत होती.

"गेलं," ती मोठ्यानं म्हणाली. "नेट गेलं."

"काहून? आताच तं बरं होतं!" पंजाबराव डब्याकडे धावले.

"तुमीच उभे राहून राह्यले त्याच्या समोर! उठा बापा सारे. आज काई जमत नाई. अहो, तुमी विक्कीले धरून आणा."

विक्कीला शिव्या देत पंजाबरावांच्या मागोमाग पंगत उठली. हंसाबाईनं सतरंजी झटकली आणि चंदाबाई "मी तं नव्हती उठली!" असं साऱ्यांना बजावत बाहेर पडली. नलूनं दार लोटलं, आणि वायरच्या लांबीत जेवढं वळता येईल तेवढी भिंतीकडे तोंड करून बसली.

"हं, बोल माय," ती हळूच म्हणाली. "मी कुठंच जात नाई."