हळद वजा जाता

मरोळच्या एका गाळ्यात अंतराळातली धूळ तपासणारं यंत्र तयार होत होतं. त्याच्या पत्र्यावर कण आदळला की तो कशाचा आहे ते यंत्र सांगायचं. आठ महिने ते बनवणाऱ्या दीप्ती सावंतने तिथे स्वतःचा एक केससुद्धा पडू दिला नव्हता. आणि खंडेनवमीला दशरथ परब या जुन्या फिटरने लेथला, ड्रिलला लावलं तसं याही यंत्राला हळदीचं बोट लावलं. नेमकं त्या पत्र्यावर!

"काका, वाट लावलीत!"

"सगळ्या मशिनींका लावलंय, ह्येकाच कित्याक सोडू? रुसात मा ता!"

सहा वेळा पुसूनही यंत्र हळदच दाखवत राहिलं. सोमवारी ते पाठवायचं होतं. शेवटी दीप्तीने दात-ओठ खात त्याला शिकवलं, की एवढी हळद तुझी स्वतःची, ती प्रत्येक मोजणीतून वजा कर. आकडे झकास जुळले.

दोन वर्षांनी यंत्र अंतराळात पोचलं. उड्डाणाच्या हादऱ्यांनी हळद झडून गेली होती, वजाबाकी मात्र चालूच होती. प्रत्येक कणामागे एकच उत्तर येऊ लागलं: हळद, उणे एक चिमूट. मोठमोठे शास्त्रज्ञ विश्वात हळद कमी का पडली यावर भांडू लागले. साहेबांनी पत्र पाठवून दीप्तीकडे लेखी खुलासा मागितला.

दशरथकाकांनी चष्मा वर करून तो कागद वाचला.

"दोन खंडेनवम्यो झाल्यो," ते म्हणाले. "वर कोण गेल्लो लावूक?"

दीप्तीने खुलाशात तेवढंच लिहिलं. तो मंजूर झाला.