रानबदामाची अर्धी बाटली

बायको गेल्याचा फोन दवाखान्यातून आला तेव्हा मी घाण्यातली पेंड उपसत होतो. तेलकट हातातून फोन निसटत होता. वडील म्हणाले, "अरे, हात पूस आधी."

तिच्या तेलाची एकच बाटली घरात उरली होती, तीही अर्धी. रानबदामाची झाडं रस्त्याकडेला असतात, बिया कुणी उचलत नाही. ती उचलायची, कवच फोडायची, गर भाजून माझ्याच घाण्यात घालायची. मी चिडवायचो, "रस्ता झाडल्याचे पैसे तरी माग." लोक ते तेल अंगाला लावायला न्यायचे. ते खाण्याजोगं आहे का, हे तिला तपासून हवं होतं. दवाखान्यातही तेच, "अहो, तेवढी बाटली तपासायला द्या."

ती गेल्यावर मी फडक्यात गुंडाळलेली बाटली न उघडताच प्रयोगशाळेत दिली. काही दिवसांनी तिथल्या बाईंनी बोलावलं.

"काका, बसा. ओलेइक आम्ल भरपूर आहे, लिनोलेइकही आहे, दोन्ही खायच्या तेलात चांगली. ई जीवनसत्त्व चांगलं आहे. पण अरॅचिडिक आणि बेहेनिक आम्लंही निघाली. ती शेंगदाणा तेलाची खूण. यात भेसळ आहे."

"ती भेसळ करणार नाही."

"त्यांना दोष देत नाही मी. पण यातलं चांगलं कुठल्या तेलाचं, ते आता वेगळं काढता येणार नाही. नवीन तेल आणा."

घरी येऊन वडिलांना विचारलं.

"मीच भरली की," ते म्हणाले. "बाटली अर्धी ठेवतात का कोणी? वर हवा राहिली की तेल खवट होतं. सूनबाईचं तेल टिकावं म्हणून आपलं ताजं शेंगदाण्याचं गळ्यापर्यंत ओतलं. का रे, काय झालं?"

"काही नाही. बरं केलंत."

जन्मभर त्यांनी असंच तेल सांभाळलं, मलाही तेच शिकवलं. त्यांना काय सांगणार?

तिने वेचलेल्या बियांचं पोतं घाण्यामागे होतं. मी गर भाजून पाहिला, तो करपला. पुन्हा भाजला, कच्चा राहिला, तेल कडवट निघालं. कढईचा वास बदलला की ती विस्तव काढायची. मला तो वास ओळखता येत नाही. उरलेल्या बियांना कीड लागली, त्या टाकून दिल्या. यंदा झाडाखाली पुन्हा सडा पडलाय. मी वेचायला गेलेलो नाही.

तिच्या तेलाची तपासणी राहिली आहे.