कठीण भिंतींचा नियम

आमच्या कॅरॅव्हॅन क्लबात तंबूवाल्यांना सभासदत्व द्यावे किंवा कसे, हा प्रश्न ज्या वर्षी उपस्थित झाला, त्या वर्षी त्यास सर्वांत कडाडून विरोध करणारा इसम मीच होतो. आणि त्याच वर्षी, संपूर्ण मैदानात जो मनुष्य सर्वांच्या नकळत कापडाखाली निजत होता, तोही मीच होतो. ही दोन्ही सत्ये एकाच उरात बाळगणे किती जड जाते, हे ज्याने बाळगले तोच जाणे.

येथे थोडा खुलासा करणे अगत्याचे आहे. आमचा क्लब म्हणजे एकंदर बारा कुटुंबे. प्रत्येकाजवळ मोटारीमागे जोडून ओढून न्यायचे चाकांचे घर. सुट्टीचे तीन आठवडे आम्ही शहराबाहेरच्या एका मैदानावर ही घरे ओळीने उभी करून राहतो. क्लबाचे नियम नऊ. त्यांतील चौथा असा, की सभासदाने मैदानावरील मुक्कामात कठीण भिंतींच्या आतच निजले पाहिजे. अन्यथा त्याचे सभासदत्व व जागा दोन्ही संपुष्टात येतील. आमची जागा सात नंबरची, दोन मोठ्या झाडांमधली. एकोणीस वर्षे ती आमच्याकडे होती. आम्हाला मूलबाळ नाही, भाऊबंद दूर. ती बारा घरांची ओळ हेच आम्हा नवराबायकोचे गणगोत.

मी पेशाने पुस्तकबांधणी करणारा. शिक्षण सातवीपर्यंत, पुढचे जे काही ज्ञान, ते फर्मे शिवता शिवता पाने चाळून मिळवलेले. ओल ही बांधणाऱ्याची जन्माची वैरीण. तिचा वास मला चार हातांवरून येतो. तरीही ती माझ्याच गाडीच्या मागच्या भिंतीत शिरली, आणि मला कळेपर्यंत बिछान्याखालची फळी भिजक्या पुठ्ठ्यासारखी मऊ झाली होती. दुरुस्ती करणाऱ्याने वाकून पाहिले व म्हणाला, "ही भिंत काढली तर मागे गाडी म्हणून काही उरायचं नाही." तेव्हा मला जे येत होते ते मी केले. जाड पुठ्ठा कापला, सरसाने कुजक्या भिंतीवर डकवला, वरून बांधणीचे फिकट कापड ताणून हाडाच्या पट्टीने असे सफाईने दाबले, की एक सुरकुती शोधून सापडू नये. पण त्या भिंतीशी निजणे शक्य नव्हते. प्रत्येकाच्या गाडीला बाजूने एक कापडी पडवी जोडलेली असते. तीत लोक खुर्च्या टाकून बसतात. आम्ही तिचा पडदा सोडून आत दोन खाटा टाकू लागलो. असे दोन हंगाम गेले.

क्लबाचे अध्यक्ष दंतवैद्य. हंगामाच्या प्रारंभी ते लांब दांडीच्या आरशाने प्रत्येक गाडीचे कानेकोपरे तपासत आणि दारात उभे राहून म्हणत, "हं, आ करा." आमची दोस्ती जुनी, म्हणून आमच्या गाडीत ते उंबऱ्यावरूनच पाहत.

त्या वर्षी एका सभासदाच्या ओळखीने एक सुतार व त्याची बायको चाचणीपुरते आठ दिवस तंबू घेऊन आले. आठव्या दिवशी मतदान व्हायचे होते. प्रस्ताव प्रथम निघाला तेव्हा मी उभा राहून बोललो होतो, की भिंत आहे म्हणून शिस्त आहे. आज तंबू येईल, उद्या नुसती पोती अंथरतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्याच्या घराची भिंत पुठ्ठ्याची, त्याला भिंतीची बाजू जरा मोठ्यानेच घ्यावी लागते.

सुतार आला तेव्हा मी खुर्ची त्याच्या दिशेने वळवून बसलो. त्याला आमच्यासारखी गाडी पाणसळ लावून समतल करावी लागली नाही, की मागे उभे राहून कोणाला "अजून, अजून, बस" म्हणावे लागले नाही. वीस मिनिटांत घर उभे. इतक्या लवकर उभ्या राहणाऱ्या घरावर माझा विश्वास बसत नाही.

दुसऱ्याच दिवशी तो माझ्या गाडीच्या पाठीमागे दिसला. बोटाच्या पेराने त्याने पत्र्यावर ठोकले. टक. हातभर सरकून पुन्हा ठोकले. टक. तिसऱ्या ठिकाणी टक झाले नाही.

"काय शोधताय?" मी विचारले.

"काही नाही, काका. सवय आहे. पत्र्याआड लाकूड असलं की हात शिवशिवतात. कधीची गाडी?"

"जुनी आहे. जुनं ते सोनं."

"सोनं असेल तर उत्तमच," तो म्हणाला. "सोन्याला ओल लागत नाही."

हसून तो निघून गेला. मी मात्र तेथेच खिळून राहिलो. दारे-खिडक्या करण्यात ज्याची हयात गेली, तो मनुष्य ओल हा शब्द सहज उच्चारील काय? त्या दिवसापासून मी त्याच्या हालचालींवर नजर ठेवली. सकाळी तो अध्यक्षांच्या गाडीशी थांबला. किती वेळ, तर चांगला अर्धा तास. दुपारी त्याच्या हातात एक छोटी वही दिसली. त्याच्या कानावर कायम पेन्सिल असे. सुट्टीवर आलेल्या माणसाच्या कानावर पेन्सिल कशाला हवी?

याहून गंभीर गोष्ट अशी, की आमच्या सौभाग्यवतींचे तिकडे जाणे-येणे सुरू झाले. सुताराची बायको रुग्णालयात नर्स होती. तिसऱ्या दिवशी ही परतली तेव्हा मी घड्याळ पाहून बसलो होतो.

"कुठे होतीस?"

"तंबूत."

"इतका वेळ?"

"चहा गरम होता."

"काय विचारलं तिने?"

"साखर किती, ते."

"आणखी?"

"तुमचे मिस्टर सारखे आमच्याकडे का बघतात, म्हणाली. मी म्हटलं, स्वभावाला औषध नाही. नर्स आहे ती, तिला पटलं."

"तू काही बोलली तर नाहीस? आपण कुठे झोपतो वगैरे?"

तिने हातातली ओली पिशवी दोरीवर टाकली. "अहो, चोराच्या मनात चांदणं. तिला काय पडलंय आपण कुठे झोपतो त्याचं?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "तिच्या तंबूत उभं राहून अंग पुसता येतं. दोघं हसतात, बोलतात. आपण आपल्याच पडवीत कुजबुजत बोलतो. दोन वर्षं झाली, मला मोठ्यानं शिंकायची चोरी."

ती आणखीही काही सांगू पाहत होती, परंतु माझे लक्ष पडद्याच्या फटीतून बाहेर होते.

पाचव्या दिवशी सुतार नळावर एकटा सापडला. मी मनाशी पूर्ण तर्क मांडून ठेवला होता. क्लबात अकरा कुटुंबे मत देतात. बारावे अध्यक्षांचे, ते समसमान झाल्याखेरीज मत देत नाहीत. मैदानभर कानोसा घेतल्यावर माझ्या हिशेबाने पाच इकडे, पाच तिकडे. अकरावा मी. अर्थात ज्याला माझे गुपित ठाऊक, त्याच्या मुठीत निकाल.

"सरळ सांगा," मी म्हणालो, "काय हवंय तुम्हाला?"

"बादली भरली की झालं. तुम्हाला घाई आहे का?"

"भिंतीबद्दल म्हणतोय मी."

त्याने नळ बंद केला. इकडेतिकडे पाहिले. तेही मला खटकले.

"कळलंय मला," तो हळू आवाजात म्हणाला. "मागचा कोपरा गेलाय. तुम्ही बाहेर झोपता तेही दिसतं. पहाटे पडद्याखाली दोन जोड चपला असतात. पण मी कुणाला बोलणार नाही, काका."

"आणि मी तुमच्या विरोधात मत दिलं तर?"

"तरी नाही बोलणार."

"का?"

"का म्हणजे? तुमची गाडी, तुमची भिंत. त्यात मला काय करायचंय?"

धमकी देणाऱ्या माणसाशी सौदा करता येतो. मोबदल्यात काहीच न मागणारा मनुष्य मात्र पाण्यासारखा. तो कोठून आत शिरेल, याचा नेम नाही. मी हिला सर्व सांगितले. ती म्हणाली, "चांगला माणूस आहे." मी म्हटले, "तेच तर." तिने माझ्याकडे असे पाहिले, की मी चष्मा पुसावयास घेतला.

आठव्या दिवशी सकाळी अध्यक्षांच्या पडवीसमोर सभा भरली. सुतार व त्याची बायको रीतीप्रमाणे दूर आपल्या तंबूशी थांबले. एका गाडीस एक मत, हात वर करून. अध्यक्षांनी चौथा नियम वाचला व म्हणाले, "या नियमातून कठीण भिंतींची अट काढावी, असा प्रस्ताव आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर मला पटत नाही, पण मला कोण विचारतंय. बाजूने?"

पाच हात.

"विरोधात?"

पाच हात. माझा गुडघ्यावरच होता.

"बाईंडर, झोप लागली का? एवढं भाषण ठोकलंस आणि हात वर करायला क्रेन मागवू?"

लोक हसले. मी हात उचलला. तो खांद्याच्या उंचीपर्यंत गेला असेल नसेल, तोच शेजारची खुर्ची वाजली आणि आमच्या सौभाग्यवती उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षांत सभेत ती प्रथमच बोलत होती.

"डॉक्टर, आमचं मत धरू नका."

"का हो वहिनी?"

"आम्ही चौथ्या नियमात बसत नाही. गाडीची मागची भिंत कुजलीय. दोन वर्षं आम्ही पडवीत झोपतो. दुसऱ्यांच्या कापडाला यांनी नावं ठेवायची आणि मी कापडाखाली पडून ते ऐकायचं, हे आता माझ्याच्यानं होत नाही. मी यांना सांगणार होते. पण हे फटीतून बाहेर बघत होते."

अध्यक्ष उठले, सात नंबरकडे चालू लागले. त्यांच्यामागे सभा, आणि सभेच्या शेपटाला मी. आरसा त्यांनी आणला नव्हता. सरळ आत शिरून त्यांनी भिंतीवर अंगठा दाबला. माझी एवढी सफाईदार बांधणी. अंगठा पेरभर आत गेला.

"किडलेल्या दातावर टोपी बसवलीस," ते म्हणाले. "काम सुबक आहे. माझ्या तंत्रज्ञाला जमलं नसतं."

मी म्हणालो, "डॉक्टर, मी सांगणारच होतो."

"मी उंबऱ्यावरून बघायचो, बाईंडर. सगळ्यांच्या गाडीत आत जायचो. तुझ्याच गाडीत उंबऱ्यावरून का बघायचो?"

मी त्यांच्या अंगठ्याच्या खळग्यावरचे कापड बोटाने सारखे करू लागलो.

सर्वजण पुन्हा खुर्च्यांवर बसले. अध्यक्षांनी कागद हातात धरला, पण त्याकडे पाहिले नाही. "सात नंबरचं मत बाद. पाच-पाच. म्हणजे आता माझं. मी तंबूंच्या विरोधात आहे, आजही आहे. दोरीत पाय अडकून माणसं पडतात. पण मी विरोधात हात वर केला, तर हा नियम आहे तसा राहतो, आणि नियम आहे तसा राहिला तर वहिनींना आज संध्याकाळच्या आत फाटकाबाहेर काढायचं काम माझं." त्यांनी घसा साफ केला. "बाजूने. लिहून घ्या." नंतर माझ्याजवळून जाताना ते थांबले. "हे तुझ्यासाठी केलं नाही मी."

अशा रीतीने आमची जागा राहिली. परंतु त्या दिवसापासून संध्याकाळी अध्यक्ष आमच्या पडवीत बसावयास आले नाहीत. येता-जाता लोक माझ्या गाडीवर बोटाने ठोकू लागले. काही थट्टेने, काही खरोखर ऐकण्यासाठी. मी कोणाला दोरी दिली, तर ती ताणून पाहू लागले. ही मात्र पडवीचा पडदा दिवसभर वर बांधून ठेवी आणि मनमोकळी शिंके.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. "काका, एक मागायचं होतं."

आले, मी मनात म्हटले, अखेर आले.

"खाली कुंपणाशी ऊन फार लागतं. तुमच्या दुसऱ्या झाडाखाली तंबू हलवला तर चालेल? सावली वाया जाते तिथली."

त्याला काहीतरी हवे होते. इतक्या दिवसांत तो मला प्रथमच सरळ मनुष्य वाटला. मी म्हणालो, "चालेल. पण मोजून." आम्ही दोघांनी मिळून झाडापासून झाडापर्यंत दोरी धरली, मधोमध काठीने रेघ ओढली, आणि रेघेच्या पलीकडचे सर्व त्याचे असे ठरले. त्याने खुंट्या ठोकल्या. त्याची बायको व आमची ही एकाच दोरीवर टॉवेल वाळत घालू लागल्या. कोणाचे कोणते, हेदेखील त्यांनी ठरवले नाही.

तो पाण्याला गेल्यावर मी विती टाकून अंतर पुन्हा मोजले. त्याची शेवटची खुंटी रेघेच्या अलीकडे आली असणार, अशी माझी खात्री होती. ती अलीकडे नव्हती. ती रेघेवरही नव्हती. त्याने स्वतःच्याच बाजूला पुरती एक वीत जागा सोडली होती. मी दोनदा मोजले.

"काय मोजताय?" हिने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो, आणि तो नळावरून परतेपर्यंत खुर्ची तिकडे वळवून बसलो.